भीती वाटली की माणूस काय करतो? माइक ह्यूम यांचं पुस्तक वरुडच्या संत्रापट्ट्यात वाचताना

"तुमचा हवामान बदलावर विश्वास आहे का?" हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असेल तर आधी तो काढून टाका.

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावरच्या बऱ्याच जणांच्या मसुद्यात हा प्रश्न असतो. समाजशास्त्र घ्या, भूगोल घ्या, कृषी विस्तार घ्या, 'शेतकऱ्यांची हवामान बदलाविषयीची जाणीव' हा विषय कोणी ना कोणी घेतोच. एक तालुका, शे-दीडशे उत्तरदाते, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच खण आणि शेवटी टक्केवारी. निष्कर्षही साधारण ठरलेला असतो: जाणीव मध्यम आहे, प्रबोधनाची गरज आहे.

हा निष्कर्ष इतका तोकडा का पडतो, हे समजून घ्यायला एक पुस्तक फार उपयोगी आहे: माइक ह्यूम यांचं 'व्हाय वी डिसअग्री अबाउट क्लायमेट चेंज', केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, २००९. (तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम वेगळे, गोंधळ करू नका.) या लेखात मी त्या पुस्तकाची बाजू मांडणार आहे, आणि मग माझ्या भागात, म्हणजे शेंदूरजनाघाट-वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात, ते कुठे अडकतं हेही सांगणार आहे. पाश्चात्त्य पुस्तकातली चौकट उचलून आपल्या गावावर बसवायची, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. ती बसवताना कुठे करकरते, ते लिहिणं म्हणजेच समीक्षा.

पुस्तक काय म्हणतं

ह्यूम स्वतः हवामानशास्त्रातून आलेले. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २००० साली सुरू झालेल्या टिंडल सेंटर या हवामान बदल संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. त्यामुळे 'तापमानवाढ होत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी ते नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पुस्तक अर्धवट वाचून काही लोक त्यांना त्या गटात टाकतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हवामान बदल ही भौतिक घटना आहेच, पण ती एक कल्पनाही आहे. ती देशोदेशी फिरते आणि जिथे जाते तिथले जुने वाद अंगावर चढवून घेते. विज्ञानाकडून आपण काय अपेक्षा करतो, कशाला मोल देतो, कशावर श्रद्धा ठेवतो, कशाला भितो, विकास कशाला म्हणतो, सरकारनं काय करावं असं आपल्याला वाटतं, या प्रत्येक बाबतीत आपलं आधीच पटत नसतं. म्हणून हवामानावरही पटत नाही. यातल्या एकेका मुद्द्यावर एकेक प्रकरण आहे. भीतीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याला जोडून जोखीम लोकांपर्यंत कशी पोहोचवली जाते यावर आणखी एक.

यातून विद्यार्थ्याला मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे 'माहितीच्या तुटी'च्या कल्पनेतून सुटका. लोक असहमत आहेत कारण त्यांना माहिती नाही, माहिती दिली की सहमत होतील, हे आपण गृहीत धरतो. 'प्रबोधनाची गरज आहे' हे वाक्य तिथूनच येतं. ह्यूम सांगतात की असहमती म्हणजे अडाणीपणा नव्हे. दोन माणसांना एकच आकडा दाखवा, दोघांनाही तो समजेल, तरी त्यांचं पटणार नाही.

शेवटाकडे ते चार कथा मांडतात. हरवलेल्या नंदनवनासाठी शोक करणारी पहिली. प्रलय जवळ आलाय असं बजावणारी दुसरी. माणूस यंत्राच्या बळावर बाबेलचा मनोरा उभारू पाहतो, ती तिसरी. चौथी ज्युबिलीची: जुन्या ज्यू परंपरेत पन्नासाव्या वर्षी गुलामांना सोडायचं, जमीन मूळ मालकाला परत करायची, असं सांगितलंय. हवामान बदलाचा विचार न्यायाच्या भाषेत करणारे लोक ही कथा सांगत असतात. कर्जमाफीवर निवडणुका लढलेल्या विदर्भात ही चौथी कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इथपर्यंत पुस्तक उत्तम आहे. आता ते वरुडला घेऊन येऊ.

इथला वाद कसा होतो

शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात. संत्र्याच्या कलमांसाठी हे गाव ओळखलं जातं, जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं इथून लांबलांब जातात. वरुड भागाला 'विदर्भाचं कॅलिफोर्निया' म्हणायची पद्धत आहे. आंबिया आणि मृग असे दोन बहार. दोन्ही बहार ताणावर अवलंबून: झाडाचं पाणी तोडायचं, त्याला उपाशी ठेवायचं, मग ताण मोडला की फूट येते. आंबियाचा ताण हिवाळ्यात, मृगाचा उन्हाळ्यात. हिवाळ्यात अवेळी पाऊस आला की ताण आपोआप मोडतो, आणि मृगाला पाऊस लांबला तर उपाशी झाड उपाशीच राहतं. हवामानाशी इतकं बारीक गणित असलेलं पीक जवळपास दुसरं नाही.

त्यामुळे इथे हवामानावरून वाद होतोच. तो साधारण असा असतो. पुतण्या अमरावतीला बीएस्सी करतो, काका बाग पाहतात.

"काकाजी, तापमान वाढून राह्यलं ना, म्हणून फळगळ होऊन राह्यली."

"कायचं तापमान बे! आमच्या वक्ताले का ऊन नव्हतं? पाणी खाली गेलं, थे सांग ना."

"पाणी काऊन गेलं? तुमीच त इतके बोअर मारले."

"त मंग का बाग वाळू देऊ?"

पाच खणांच्या प्रश्नावलीत काकाजी 'असहमत' मध्ये जातील आणि पुतण्या 'सहमत' मध्ये. काकाजींची 'जाणीव' कमी भरेल. पण संवाद परत वाचा. तापमान वाढलं की नाही यावर हा वाद आहेच कुठे? फळगळीचं कारण म्हणून काय सांगायचं, आणि ते सांगितलं की दोष कोणाच्या गळ्यात पडतो, यावर तो आहे. पुतण्याच्या कारणात दोष आभाळाचा. काकाजींच्या कारणात दोष जमिनीखालच्या पाण्याचा, तो पुतण्या लगेच काकाजींवर उलटवतो. आणि काकाजींचं शेवटचं वाक्य म्हणजे 'दुसरा रस्ता कोणता होता ते सांग', हा प्रश्न. तो प्रश्नावलीत कुठेच बसत नाही.

पहिला आक्षेप: माणसांचे चार प्रकार

भीतीच्या प्रकरणात ह्यूम एका प्रसिद्ध सिद्धांताचा आधार घेतात. मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस आणि राज्यशास्त्रज्ञ आरन विल्डाव्स्की यांनी १९८२ मध्ये 'रिस्क अँड कल्चर' लिहिलं. त्या परंपरेतून माणसांचे चार प्रकार पुढे आले: व्यक्तिवादी, समतावादी, व्यवस्थावादी आणि दैववादी. प्रत्येकाची निसर्गाची कल्पना वेगळी. हे समजावायला वाटी आणि चेंडूचं चित्र वापरतात. व्यक्तिवाद्याला वाटतं चेंडू खोल वाटीत आहे, कितीही हलवा, परत जागेवर येईल. समतावाद्याला तो उलट्या वाटीच्या माथ्यावर दिसतो, जरा धक्का लागला की गेला. व्यवस्थावाद्याच्या मते वाटीला काठ आहेत, तज्ज्ञांनी काठ आखून दिले की भागतं. दैववाद्याचा चेंडू सपाट जमिनीवर, कुठेही जाईल.

चित्र सुंदर आहे, परीक्षेत लिहायला सोपं आहे, आणि म्हणून धोक्याचंही आहे. संत्रा बागायतदार यातला कोणता?

पावसाबद्दल बोलताना तो दैववादी असतो. बोअरबद्दल बोलताना व्यक्तिवादी: माझं शेत, माझा पैसा, माझा बोअर. विम्याबद्दल बोलताना समतावादी: कंपनी खाते, शेतकरी मरते. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याबद्दल बोलताना व्यवस्थावादी: सरकारनं नियोजन करायला पाहिजे. हे चारही सूर एकाच माणसाच्या तोंडून एकाच चहात ऐकू येतात.

म्हणजे हे माणसांचे प्रकार राहत नाहीत, प्रसंगांचे प्रकार होतात. पाणी कोणाच्या ताब्यात आहे यावर सूर बदलतो. पाऊस कोणाच्याच ताब्यात नाही, बोअर माझ्या, विमा कंपनीच्या, धरण सरकारच्या. हा सिद्धांत वापरायचा असेल तर उत्तरदात्याला खणात टाकू नका, वाक्याला टाका. एकाच मुलाखतीत सूर कुठे आणि कशावरून बदलला ते नोंदवा. तुमच्या विश्लेषणाचा अर्धा ऐवज तिथेच मिळेल.

दुसरा आक्षेप: भीतीनं माणूस थिजतो का?

२००६ मध्येच ह्यूम यांनी बीबीसीवरच्या एका लेखातून प्रलयाच्या भाषेवर टीका केली होती. पुस्तकातही तो सूर आहे: 'महासंकट', 'विनाश' असे शब्द सतत वापरले की लोक हतबल होतात किंवा पाठ फिरवतात. त्याच वर्षी, २००९ मध्ये, सॅफ्रन ओनील आणि सोफी निकल्सन-कोल यांचा 'फिअर वोन्ट डू इट' हा शोधनिबंध आला. भीतीदायक चित्रं लक्ष वेधून घेतात, पण माणसाला 'यात मी काही करू शकतो' असं वाटायला लावत नाहीत. जवळची, रोजच्या जगण्यातली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात, असा त्याचा रोख. हवामान-संवादाच्या अभ्यासात त्याचा आधार आजही घेतला जातो.

पण हे काम इंग्लंडमध्ये झालं. तिथे धोका दूरचा होता: वितळणारा बर्फ, दूरच्या देशातला पूर. म्हणून 'धोका जवळ आणा' हा सल्ला तिथे शहाणपणाचा.

आता वरुड-मोर्शी पाहा. केंद्रीय भूजल मंडळाच्या अनेक मूल्यांकनांत हे तालुके 'अतिशोषित' गटात राहिले आहेत. अतिशोषित म्हणजे वर्षभरात जितकं पाणी जमिनीत मुरतं त्याहून जास्त उपसा. लोकांच्या तोंडी शब्द 'ड्राय झोन'. आठशे-हजार फुटांवर गेलेले बोअर ही इथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या. धोका जवळ आणायची काही गरज नाही, तो विहिरीच्या तळाशी दिसतो.

या जवळच्या भीतीनं इथला माणूस थिजला का? नाही. त्यानं रिग बोलावली.

संत्र्याचं झाड उभं करायला पाच-सहा वर्षं जातात. ते एका उन्हाळ्यात वाळलं तर पुढची पाच-सहा वर्षंही जातात. कापूस गेला तर एक हंगाम गेला, बाग गेली तर एक पिढीची कमाई गेली असं वाटतं. अशा वेळी आणखी शंभर फूट खाली जाणं हा घाबरलेल्या माणसाचा अगदी समजूतदार निर्णय असतो. आणि शेजाऱ्यानं बोअर मारला की आपली विहीर आटणार, ही दुसरी भीती. म्हणून त्याच्या आधी आपण. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी बरोबर, आणि सगळे मिळून पाणी आणखी खाली.

इथे भीतीचा परिणाम निष्क्रियता नाही, स्पर्धा आहे. 'भीती काम करते की नाही' हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. विचारायला हवं ते असं: भीती वाटते तेव्हा हाताशी साधन कोणतं असतं? रिग फोनवर येते, उधारीवरही येते. बंधारा, नाला खोलीकरण, गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक या गोष्टी फोनवर येत नाहीत, त्यांना चार घरं एकत्र यावी लागतात. भीती ज्या बाजूला उतार असेल त्या बाजूला वाहते.

'विदर्भाचं कॅलिफोर्निया' हे नाव या अर्थानं जरा जास्तच बरोबर आहे. खऱ्या कॅलिफोर्नियातही दुष्काळात फळबागांसाठी खोल विहिरी खोदण्याची अशीच शर्यत लागली, सॅन वाकीन खोऱ्यात तर उपशामुळे जमीन खचली. २०१४ मध्ये त्या राज्यानं भूजलाचा कायदा केला, तोही पाणी संतुलनात आणायला साधारण २०४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुदत देणारा. श्रीमंत, शिकलेला, हवामान बदल मानणारा समाजही घाबरल्यावर आधी बोअरच मारतो. जाणीव मोजून हे कळलं नसतं.

तिसरा आक्षेप: कल्पनेच्या मागे पैसा लपतो

हवामान बदल ही एक 'कल्पना' आहे असं म्हटलं की चर्चा मूल्यं, श्रद्धा, कथा यांच्याकडे वळते. पण रोजच्या वादात बरेचदा रोख रक्कम असते. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, विमा. संत्र्याला हवामान आधारित फळपीक विमा योजना लागू आहे. तिच्यात तुमच्या बागेत किती फळ गळलं हे कोणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर पाऊस, तापमान वगैरे किती नोंदलं गेलं, ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं का, यावर भरपाई. शेतकरी त्याला सरळ 'ट्रिगर' म्हणतात. राज्यात महावेध प्रकल्पातून अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं उभी राहिली. आता 'या वर्षी ऊन जास्त होतं का' हा प्रश्न विचारून पाहा. उत्तरात लगेच येईल: केंद्र कुठे बसवलंय, त्यावर सावली पडते का, तिथला पाऊस आणि आमच्या शिवारातला पाऊस एक कसा. जो माणूस 'कायचं ग्लोबल वॉर्मिंग' म्हणतो तोच ट्रिगरच्या वेळी अर्ध्या अंशासाठी भांडतो. यात विसंगती नाही. त्याचा विश्वास किंवा अविश्वास तापमानावर नाहीच, मोजणाऱ्यावर आहे.

दुसरं, धरण. अमरावतीजवळ नांदगावपेठला १,३५० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. त्याला अप्पर वर्धाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा जिल्ह्यात मोठा विरोध झाला. कोळसा जाळणारा प्रकल्प, म्हणजे हवामानाच्या पुस्तकातला पहिला खलनायक. पण विरोधाचा मुख्य मुद्दा होता सिंचनाचं पाणी. या आंदोलनाला तुम्ही 'हवामान चळवळ' म्हणाल का? म्हणालात तर लोकांच्या तोंडी नसलेला शब्द त्यांच्या तोंडी घालाल. नाही म्हणालात तर हवामानाशी इतक्या जवळून जोडलेला लढा तुमच्या अभ्यासातून निसटेल. ह्यूम यांच्या चौकटीत या पेचाला उत्तर नाही.

तिसरं, नाव. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून विदर्भ-मराठवाड्यात एक मोठा प्रकल्प चालला. त्याच्या इंग्रजी नावात 'क्लायमेट रेझिलिअंट अॅग्रिकल्चर' आहे, म्हणजे हवामानाला तोंड देऊ शकणारी शेती. मराठी नाव: नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून म्हणतात 'पोकरा'. एकाच योजनेत वॉशिंग्टनला दिसतं हवामान, गावात दिसतं शेततळं आणि ठिबकचं अनुदान. तुम्ही गावात 'क्लायमेट'बद्दल विचाराल तर कोणाला काही माहीत नसेल, 'पोकरा' म्हणाल तर अर्धा तास बोलतील.

छप्पन्न अंशांचा दिवस

भीतीच्या राजकारणाचा एक ताजा नमुना आपल्या जवळचाच आहे. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ दिसलं होतं. दोन्ही आकडे काही तासांत देशभर फिरले. नागपूरचा आकडा सेन्सर बिघडल्यामुळे आल्याचं हवामान विभागानं सांगितलं, शहरातल्या इतर केंद्रांवर त्याच दिवशी ४४ अंशांच्या आसपास नोंद होती. मुंगेशपूरच्या केंद्राचं वाचन सुमारे ३ अंशांनी जास्त असल्याचं तपासणीत निघालं.

मग दोन गट पडले. एकाचं म्हणणं, चूक असेल पण परिस्थिती तशीच आहे, लोकांना घाबरू द्या. दुसऱ्याचं म्हणणं, पाहा, सगळे आकडे असेच असतात. दोघांनीही एकच गोष्ट केली: आकडा खरा की खोटा आणि आकड्याचा उपयोग कोणाला, हे दोन प्रश्न एकत्र कालवले.

असंच पूर्वी हिमनद्यांच्या बाबतीत झालं होतं. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात असं विधान गेलं. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं ते मान्य केलं. हिमनद्या आक्रसत आहेत हे खरंच होतं, चुकलं ते वर्ष. पण त्या एका वर्षानं विरोधकांना कित्येक वर्षांची शिदोरी दिली.

ह्यूम यांच्या वाचकांचा (ह्यूम यांच्यापेक्षा त्यांच्या वाचकांचा जास्त) दोष इथे दिसतो. 'सगळ्या असहमतीमागे मूल्यं असतात' हे एकदा डोक्यात बसलं की खरं-खोटं तपासायचा कंटाळा येतो. सगळी 'कथनं' समान वाटायला लागतात. तसं नाही. २०११-२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशांनी जास्त होतं. भारतात १९०१ ते २०१८ या काळात सरासरी सुमारे ०.७ अंशांची वाढ झाल्याचं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. यावर चहाच्या टपरीवर मत मांडता येतं, त्यानं आकडा बदलत नाही.

पण 'तापमान वाढतंय' हे खरं असल्यामुळे 'वरुडच्या बागा तापमानवाढीमुळे वाळल्या' हे आपोआप खरं होत नाही. ती दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यासाठी पाऊस, उपसा, बागेखालचं क्षेत्र, मातीचा प्रकार, खडकात पाणी किती राहतं, सगळं पाहावं लागेल. उपसा इतका असेल तर तापमान न वाढताही विहिरी आटल्या असत्या. तापमान वाढलं की झाडाची पाण्याची गरज वाढते, म्हणजे उपसा आणखी वाढतो. दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

आणि इथेच तुमच्या लेखणीवर खरी जबाबदारी येते. 'हवामान बदलामुळे बागा वाळल्या' असं लिहिलंत तर बोअर गायब होतो, धरणाचं पाणी कोणाला गेलं हा प्रश्नही गायब होतो. 'अतिउपशामुळे वाळल्या' एवढंच लिहिलंत तर सगळा दोष काकाजींवर येतो, त्यांना दुसरा रस्ता का नव्हता हे कोणी विचारत नाही. कारण सांगणं म्हणजे दोष वाटणं. म्हणून आधी कारण तपासा, मग ते कारण कोण, कुठे, कशासाठी वापरतो ते तपासा. दोन स्वतंत्र प्रकरणं करा, दोन्हींचे पुरावे वेगळे ठेवा.

मग प्रश्नावलीत काय टाकायचं?

मी माझ्या कामात वापरतो ते काही प्रश्न देतो. जसेच्या तसे घेऊ नका, आपल्या गावाप्रमाणे बदला.

१. शेवटचा बोअर कधी मारला, कोणत्या महिन्यात? त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत काय घडलं होतं? (भीती कशातून आली आणि कुठे गेली हे इथे कळतं.)

२. गेल्या पाच वर्षांत ताण कधी दिला, कधी मोडला, कशानं मोडला? (हवामानाची आठवण पिकाच्या घटनेला बांधली की नेमकी निघते. 'पूर्वीपेक्षा ऊन वाढलं का' याचं उत्तर कोणीही 'हो' असंच देतं.)

३. नुकसान झालं तेव्हा कोणाकोणाकडे गेलात? प्रत्येकानं कारण काय सांगितलं? (तलाठी, कृषी सहायक, विमा प्रतिनिधी, औषध दुकानदार, प्रत्येकाचं कारण वेगळं निघेल. तोच तुमचा डेटा.)

४. जे कारण सांगितलं गेलं, त्यानं तुम्हाला काही मिळालं का, काही गेलं का?

शक्य असेल तर एकाच माणसाला दोनदा भेटा, मे महिन्यात एकदा आणि आंबियाची तोडणी चालू असताना एकदा. भाव चांगला असला की भीतीचा विषय बदलतो. २०२३ मध्ये बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क किलोमागे ८८ टका केलं, त्या हंगामात इथल्या बागायतदाराला सगळ्यात मोठं संकट कोणतं वाटत असेल? सूर्य नक्कीच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर बंदीची तरतूद आहे. तुम्ही हातात कागद घेऊन बोअरची खोली विचारता तेव्हा समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: हा कोणाचा माणूस? आपण भीतीचा अभ्यास करायला जातो आणि स्वतःच भीतीचं कारण होतो. खोटी खोली सांगितली जाईल, आणि ती 'जाणिवेचा अभाव' नसेल. गट नंबर लिहून घेऊ नका. खोली फुटांत नेमकी विचारण्यापेक्षा 'पहिल्या बोअरपेक्षा खोल की उथळ' असं विचारा. नाव आणि उत्तर वेगवेगळ्या वह्यांत ठेवा. गाईड म्हणाले की परिशिष्टात उत्तरदात्यांची यादी जोडा, तर नम्रपणे नाही म्हणा आणि का ते लेखी द्या. तुमचा प्रबंध ग्रंथालयात जातो, तो कोणीही उघडून पाहू शकतो.

पुस्तक वाचावं का?

जरूर. पण क्रम असा ठेवा. आधी ह्यूम यांची भीती, जोखीम-संवाद आणि विकास ही तीन प्रकरणं. त्यानंतर अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांची १९९१ ची 'ग्लोबल वॉर्मिंग इन अॅन अनइक्वल वर्ल्ड' ही छोटी पुस्तिका. जगण्यासाठी होणारं उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारं उत्सर्जन एकाच मापानं मोजू नका, हा त्यांचा मुद्दा ह्यूम यांच्याकडे जे हलकं पडतं ते भरून काढतो. तिसरं वाचन म्हणजे आपल्या तालुक्याचा भूजल अहवाल. कंटाळवाणा असतो, तरी वाचा. तो वाचल्याशिवाय मुलाखतीला गेलात तर समोरचा बोअरबद्दल काय सांगतोय आणि काय गाळतोय, दोन्ही कळणार नाही.

यानंतर सिनॉप्सिस उघडा आणि 'जाणीव' हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे थांबून स्वतःला विचारा: मला नेमकं काय पाहायचं आहे, लोकांना काय वाटतं, की वाटल्यावर ते काय करतात? माझं मत दुसऱ्या प्रश्नाकडे झुकतं, कारण पाण्याची पातळी लोकांना काय वाटतं त्यानं खाली जात नाही. तुम्ही पहिला निवडलात तरी हरकत नाही. फक्त तसा निवडला आहे हे पहिल्या पानावर स्पष्ट लिहा, म्हणजे शेवटच्या पानावर 'प्रबोधनाची गरज आहे' असं लिहायची वेळ येणार नाही.